पांढरं कुठलं, सायीचं कुठलं

पवनानगरजवळच्या गुलाबाच्या पॉलीहाऊसमध्ये हिराबाई ओव्हाळच्या नजरेचा दरारा होता. साहेबाचा नसेल एवढा. तोडलेली फुलं बादल्यांतून ग्रेडिंग हॉलमध्ये आली, की लांबलचक टेबलामागे उभी राहून ती एकेक दांडी उचलायची, एकदाच बघायची आणि त्या त्या ढिगात टाकायची. ही साठ सेंटिमीटरची, ही पन्नासची, हिची मान वाकडी, हिच्या पानावर ठिपका. अठरा वर्षं हेच काम. नव्या आलेल्या पोरी पट्टी लावून दांडी मोजत बसायच्या आणि ही बाई लांबूनच म्हणायची, "पट्टी ठिव खाली, पंचावन्न हाय." पट्टी लावली की पंचावन्नच निघायची. राग यायचा हो माणसाला!

रंगाच्या बाबतीत तर विचारूच नका. दोन गुलाबी फुलं तुम्हाआम्हाला सारखीच दिसतील, हिराबाई त्यांना एका जुडीत बसू द्यायची नाही. तिची मुलगी यशोधरा लहानपणी शाळा सुटली की हॉलमध्येच यायची, आणि तिथेच तिला आईकडून धडा मिळाला होता. रंग कधी ट्यूबखाली बघायचा नाही. दाराशी न्यायचा, सावलीत धरायचा, जरा दुसरीकडं बघून डोळा निवू द्यायचा आणि मग बघायचा. पहिल्यांदा जे दिसेल ते खरं. नंतर मन घोळ घालतं.

आणि याच बाईला गेल्या दिवाळीपासून नीट दिसत नव्हतं.

आधी तिला वाटलं, हॉलमधल्या ट्यूबा जुन्या झाल्यात. मग वाटलं, धुकं आहे. मावळात धुक्यावर काहीही ढकलता येतं. पण दुपारी बारालाही धुकं उठेना, तेव्हा ती मनातून चरकली. पांढरं फूल आणि सायीच्या रंगाचं फूल, दोन्ही तिला सारखीच दिसायला लागली होती, जुन्या धोतरासारखी पिवळट. एकदा पांढऱ्याच्या जुडीत तिच्या हातून सायीची चार फुलं गेली. शेजारच्या टेबलावरच्या शालनने ती पाहिली आणि गुपचूप काढली. हिराबाईने मान खाली घालून पुढची दांडी उचलली.

त्या दिवसापासून तिने बोटांवर काम सुरू केलं. सायीच्या फुलाची पाकळी अंमळ जाड असते. दांडी उचलताना अंगठा हळूच पाकळीवर फिरवायचा, की झालं. फेब्रुवारीत तर तिचं नशीबच उघडलं, कारण तेव्हा सगळ्या जगाला लालच गुलाब हवे असतात. पण घरी तिने कुणाला सांगितलं नाही. नवरा विठ्ठल, पवनानगर-कामशेत जीप चालवणारा, त्यालाही नाही. सांगितलं असतं तर गोष्ट हॉलपर्यंत गेली असती, आणि नजर गेलेल्या ग्रेडरला कोण ठेवणार? नजर सोडून तिच्याजवळ दाखवण्यासारखं होतं काय, असं तिला वाटायचं. खुळी बाई! पण वाटायचं खरं.

यशोधरा आता वीस वर्षांची झाली होती. लोकलने घोरावाडीला उतरून व्हिडिओ एडिटिंगच्या क्लासला जायची. पहिले सहा महिने क्लासमधल्या कॉम्प्युटरवर भागलं. पुढच्या सहामाहीत ज्याचा त्याचा लॅपटॉप लागणार होता. पैशाचं म्हणाल तर ते होते, कसे जमवले ते मायलेकींना माहीत. पण लॅपटॉप येणार तो एकदाच. चुकला तर दुसरा आणण्याची गोष्ट नव्हती, आणि पुढचं सगळं शिक्षण त्यावरच व्हायचं होतं.

क्लासच्या राजेश्वरी मॅडमनी यादी लिहून दिली होती. प्रोसेसर कुठला, रॅम किती, ग्राफिक्स कार्ड वेगळं हवं, व्हिडिओ साठवायला बाहेरची ड्राइव्ह, कॅमेऱ्याचं कार्ड वाचायला रीडर, माऊस, कान पूर्ण झाकणारा हेडफोन. आणि सगळ्यात खाली, दोन रेघा ओढून लिहिलं होतं: स्क्रीन स्वतःच्या डोळ्यांनी बघून घ्या, रंग खोटा दाखवणारा स्क्रीन घेऊ नका.

यशोधराने ते वाचलं आणि हसून म्हणाली, "मॅडमना काय माहीत, माझ्याकडे माझ्यापेक्षा भारी डोळे आहेत. आई, तू येणार माझ्याबरोबर."

"मला काय त्यातलं कळतंय?" हिराबाई म्हणाली. "तू नि तुझ्या मॅडम बघा की."

"मशीनचं मी बघते. रंग तू बघायचा."

"कामाचा खाडा हुईल."

"मंगळवारी तुला सुट्टी असते."

सबबी संपल्या. मंगळवारी विठ्ठलने दोघींना पुढच्या सीटवर बसवून कामशेतला सोडलं आणि त्यांनी लोणावळ्याची लोकल पकडली. यशोधराच्या मांडीवर ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली तीन फुलं होती. एक पांढरं, एक सायीचं, एक लाल. त्याच फुलांचा व्हिडिओ तिने आदल्या दिवशी काढून पेन ड्राइव्हवर घेतला होता. फूल स्क्रीनशेजारी धरायचं आणि कुठला स्क्रीन खरं बोलतो ते बघायचं, अशी तिची युक्ती होती. युक्ती एकदम हिराबाईच्याच वळणाची. एरवी तिला केवढा अभिमान वाटला असता! आज ती नुसती खिडकीबाहेर बघत होती.

लोणावळ्याच्या बाजारपेठेतल्या दुकानात प्रदीप नावाचा तिशीतला दुकानदार होता. माणूस गोड बोलणारा. त्याने यादी वाचली आणि दोन लॅपटॉप काढून ठेवले. आतून दोन्ही सारखेच. पहिल्याच्या कीबोर्डखाली लाल-निळे दिवे पळत होते आणि त्याच्याबरोबर बॅग, माऊस, हेडफोन सगळं फुकट. दुसरा करड्या रंगाचा, बिनदिव्याचा, आणि त्याच्याबरोबर काही म्हणजे काही फुकट नाही.

"सगळी पोरं हा पहिलाच नेतात," प्रदीप म्हणाला. "दुसऱ्याचा स्क्रीन चांगला म्हणून लिहिलंय, पण तो फरक कागदावरचा, मावशी. डोळ्याला काही कळत नाही."

"माझ्या आईला कळतं," यशोधरा म्हणाली.

तिने दोन्ही लॅपटॉप ट्यूबखालून काढून दाराशी, सावलीत मांडायला लावले. उजेड दोन्हींचा सारखा केला. दोन्हींवर तोच व्हिडिओ लावला, मध्ये स्टुलावर खरी फुलं ठेवली आणि आईला पुढे केलं. "जरा रस्त्याकडे बघ, मग इकडे. आणि सांग."

हिराबाईने रस्त्याकडे पाहिलं. मग स्क्रीनकडे पाहिलं. दोन पिवळट चौकोन, दोन्हींत पिवळट फुलं. अंगठा आपोआप पुढे गेला आणि गुळगुळीत काचेवरून फिरला. काचेला काय जाड नि काय पातळ! अठरा वर्षांत पहिल्यांदा तिला असं काहीतरी पारखायचं होतं, ज्याला हात लावून उपयोग नव्हता.

"तुला कुठला वाटतोय?" तिने विचारलं. शालनकडून असंच काढून घ्यायची ती.

"अं हं. आधी तू. मी बोलले तर तुझं मन घोळ घालेल. तूच शिकवलंस ना?"

स्वतःचंच शिकवणं असं अंगावर आलं. प्रदीप बघत होता, पोरगी बघत होती. हिराबाईने बोट उचललं आणि दिवे पळत होते त्या लॅपटॉपवर ठेवलं. "हा."

यशोधराच्या कपाळाला बारीकशी आठी पडली. तिने पुन्हा एकदा दोन्हींकडे पाहिलं, फुलांकडे पाहिलं. मग ती आठी गेली. "मला तो दुसरा वाटत होता," ती हळूच म्हणाली. "यात पांढरं आणि सायीचं एकच दिसतंय असं वाटलं मला. पण माझंच चुकत असणार. अजून नजर बसली नाही माझी." आणि प्रदीपकडे वळून, "दादा, हाच द्या."

प्रदीप खोकं आणायला आत वळला.

आता बघा, बाई तेव्हा गप्प राहिली असती तर कुणाला काही कळलं नसतं. लॅपटॉप चालला असता, दिवेही पळाले असते. पण पोरीने आत्ता काय केलं ते हिराबाईला लख्ख समजलं होतं. तिला खरं दिसलं होतं, आणि आईच्या शब्दाखातर तिने ते खोटं मानलं होतं. आज लॅपटॉपचं झालं, उद्यापासून ती प्रत्येक रंगाला असंच म्हणणार, माझंच चुकत असणार. नजर अशीच जाते. मोतीबिंदू लागत नाही त्याला.

"थांबा वो भाऊ," हिराबाई म्हणाली. आवाज मोठाच निघाला. "खोकं आनू नका."

"काय झालं, आई?"

"यशू, मला दिसत न्हाई."

"काय दिसत नाही?"

"ह्यातलं काय बी. ही फुलं बी न्हाई. पांढरं कुठलं नि सायीचं कुठलं, मला ठावं न्हाई. मी आपलं कायबी बोट ठिवलं." आणि एकदा तोंड उघडल्यावर सगळंच बाहेर पडलं. धुकं, जुडीतली चार फुलं, शालन, अंगठा, सगळं.

प्रदीप शहाणा माणूस. तो पाठ फिरवून केबलींचा गुंता सोडवत बसला, गुंता नव्हता तरी. यशोधराला राग आला. "दिवाळीपासून? आणि मला सांगितलं नाहीस? मी रोज घरी असते आई!"

"भ्या वाटलं."

"कशाचं?"

"तुज्या कामाची न्हाई राहनार मी, ह्येचं."

यशोधराने तोंड वळवलं. दुकानाच्या दारातून रस्ता बघत राहिली, जरा जास्तच वेळ. मग डोळे पुसले, पुन्हा दोन्ही स्क्रीनकडे पाहिलं आणि करड्या लॅपटॉपवर हात ठेवला. "हा. यात तिन्ही फुलं वेगळी आहेत. दादा, हा द्या."

"नक्की?" प्रदीपने विचारलं.

तिने आईकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. "नक्की."

मग मात्र हिराबाई मोकळी सुटली. बॅगा बघायच्या होत्या, त्या तिने सगळ्या स्वतःकडे घेतल्या. शिवण बोटाने चाचपली, प्रत्येक चेन दहादा ओढली, तीन बॅगा नापास केल्या आणि चौथी काढली, जिच्या तळाला पावसाचं आवरण दडवलेलं होतं. "मावशी, तुम्ही माझं दुकान बंद करणार," प्रदीप म्हणाला. हेडफोन दोन होते. पहिल्यात सगळं नुसतं ढुमढुम. दुसरा हिराबाईने कानाला लावला, यशोधराने ग्रेडिंग हॉलमधला व्हिडिओ लावला आणि बाई एकदम दचकली. "अगं बया! ह्यात शालन खोकतीय." तोच हेडफोन घेतला. ड्राइव्ह, रीडर आणि माऊस यशोधराने यादीप्रमाणे निवडले.

दुसऱ्या दिवशी हिराबाईने हॉलमध्ये जाऊन स्वतःच्या तोंडाने सांगितलं. आकाश काही कोसळलं नाही. डोळे नीट होईपर्यंत तिला दांड्यांची पानं खुडायला बसवलं, आणि तिच्या टेबलावर शालन उभी राहिली. शालन म्हणाली, "बरं झालं बाई सांगितलंस. दोघींचं काम करून माझी कंबर गेलीय." यावर हिराबाई किती दिवसांनी पोटभर हसली.

तपासल्यावर दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला, आणि महिन्याभरात डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. उजव्याचं नंतर करायचं ठरलं. पट्टी निघाल्यावर हिराबाई दिवसभर एकच खेळ खेळत होती. उजव्या डोळ्यावर हात ठेवायचा, मग डाव्यावर. एका डोळ्याने भिंत पांढरी, दुसऱ्याने चहा सांडल्यासारखी. "यशू, दोन घरं हायत गं आपली," ती म्हणाली.

यशोधरा लॅपटॉप घेऊन ओट्यावर येऊन बसली. दुपारची वेळ होती, दारात चांगली सावली होती. शालनने हॉलमधून पाठवलेलं पांढरं फूल तिने पेल्यात ठेवलं, आणि स्क्रीनवर तसल्याच फुलाचं चित्र लावलं. "उजव्या डोळ्याने पेल्यातलं फूल बघ. मग डाव्याने स्क्रीन बघ. मी रंग बदलत जाते. दोन्ही सारखं दिसलं की सांग."

ती रंगाची पट्टी सरकवत गेली. फूल पिवळं झालं. "न्हाई, अजून." तांबूस झालं. "अजून. जरा अंधार कर. जरा धुकं बी घाल." फुलाच्या कडा पुसट झाल्या, पाकळ्या एकात एक मिसळल्या. "अजून थोडं... बास. ह्येच."

यशोधराने स्क्रीनकडे पाहिलं. गढूळ पाण्यात बुडालेलं काहीतरी दिसत होतं, फूल आहे हे सांगावं लागलं असतं. तिने स्वतःचा एक फोटो उघडला, क्लासच्या पहिल्या दिवशी आईनेच दारात उभं करून काढलेला, आणि त्यालाही तेच रंग नि तेच धुकं लावलं. चेहरा गेला. डोळ्यांच्या जागी नुसत्या सावल्या राहिल्या.

"आई, दिवाळीपासून मी तुला अशी दिसत होते?"

"व्हय." हिराबाईने उजव्या डोळ्यावर हात ठेवला आणि डाव्या डोळ्याने लेकीला जवळून न्याहाळलं. "पर तवाच बरी दिसत व्हतीस बाय. आता गालावरची पुटकुळी बी दिसाया लागली."

यशोधरा खदखदून हसली, आणि हसता हसताच रडायला लागली. हिराबाईला ते रडणं अगदी स्पष्ट दिसलं.