हौस म्हणे

माझा नवरा हौशी नव्हता.

ह्यांना जाऊन आज वर्ष झालं. सकाळपासून सगळ्यांच्या स्टेटसला तेच. "हौशी समालोचक दत्ताभाऊ." शाल घातलेला तोच फोटो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आम्ही मारुंजीत राहतो. हे रात्री कंपनीची कॅब चालवायचे आणि रविवारी मुळशीतल्या टेनिस बॉलच्या मॅचेसना माईकवर कॉमेंट्री करायचे.

कासार आंबोलीला एकाने सिक्स मारला, बॉल थेट एका बंगल्याच्या कंपाउंडमध्ये.
हे माईकवर म्हणाले, "बॉल आता दिवाळीशिवाय मिळायचा न्हाई मंडळी. मालक तवाच येतोय."
अख्खं ग्राउंड हसलं.

हे आपोआप सुचतं असं वाटतं ना?

आदल्या दिवशी प्रत्येक टीमला फोन करून खेळाडूंची नावं विचारून घ्यायचे. गाडी धुताना बोलून बघायचे. मग रात्रीची ड्यूटी, आणि सकाळी न झोपता ग्राउंडवर. दिवसभर उन्हात.

मंडपवाल्याला पैसे. स्पीकरवाल्याला पैसे. अंपायरला पैसे.
ह्यांना शाल, नारळ, ट्रॉफी.

एकदाच ह्यांनी मानधन मागितलं. मी डबा घेऊन गेले होते, माझ्यासमोरच. आयोजक सगळ्यांदेखत हसले.
"भाऊ, तुमी बी पैशे घेणार व्हय? तुमची तर हौस हाय."

हेही हसले.

घरी येऊन जेवले नाहीत. एवढंच म्हणाले, "मागायला नको होतं गं."

त्यानंतर काही महिन्यांनी एका सकाळी ड्यूटीवरून आले, छातीत दुखतंय म्हणाले, आणि गेले.
लोक लिहितात, कलेसाठी जगले. आणि घरभाडं काय कलेतून भरत होते?

मागच्या आठवड्यात तेच आयोजक घरी आले. वहिनी, यंदाच्या चषकाला भाऊंचं नाव देतोय, बक्षीस द्यायला तुम्हीच या.
मी चहा दिला. यंदा माईकवर कोण, विचारलं.
म्हणाले, "हाय एक जण. आपल्यातलाच. हौशी हाय."

मला समोरासमोर बोलायला जमत नाही. म्हणून इथे लिहितेय.

त्या माणसाचे पैसे आधी ठरवा. स्पीकरवाल्याचे ठरवता तेव्हाच.
ते जमत नसेल तर चषकावर ह्यांचं नाव टाकायचं नाही. माझी परवानगी नाही.
आणि शाल आणू नका. कपाटात जागा नाही.

अहो, तुम्ही मागितलंत त्यात काही चुकलं नव्हतं.
झोपा आता निवांत.