मामीला बुडता येत नव्हतं

माझ्या मामाला बंदरावर सगळे ‘पाणबुडे’ म्हणायचे. जणू आडनावच. तो पाणबुड्या होता. बोटींचे पंखे तपासायचे, त्यात अडकलेले दोर कापायचे, तळाला चिकटलेले शिंपले खरवडायचे आणि धक्क्यावरून कुणाचं काही पाण्यात पडलं तर ते वर काढून द्यायचं, हे त्याचं काम. त्यामुळे मामी आपोआप ‘पाणबुडेवहिनी’ झाली, आणि सगळी पंचाईत तिथंच होती. ‘बुड’ ही दोन अक्षरं मामीला खपत नसत. घरात तर नाहीच नाही.

मी शिकायला त्यांच्याकडे राहायला गेले, तेव्हा पिशवी खाली ठेवायच्या आत मामीनं मला बाजूला घेतलं.

“हे बघ, या घरात हवं ते खा, हवं तेव्हा ऊठ. फक्त तो एक शब्द काढायचा नाही.”

“कुठला?”

“मी कसा सांगू कुठला?”

मागून मामा म्हणाला, “दगड पाण्यात टाकला की त्याचं जे होतं ना, तो.”

या नियमाची गोष्ट मला मामानंच पुढे सांगितली. त्यांच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. थंडीचे दिवस होते. मामी त्याला न्यायला धक्क्यावर गेली होती आणि तो एका फेरीबोटीच्या खाली होता. तिकिटं फाडणाऱ्या बाईशी बोलता बोलता मामी म्हणाली, “दिवस बुडाला की हो, यांचा अजून पत्ता नाही.” आणि नेमका तेव्हाच वरच्या माणसाच्या हातातला, मामाच्या कमरेला बांधलेला दोर सैल पडला. माणसं धावली. दोर ओढला तर नुसताच दोर वर आला. मामीला रडूही फुटलं नाही. ती आपल्या तोंडावर हात दाबून उभी राहिली, जणू बोललेला शब्द परत आत ढकलता आला असता. थोड्या वेळानं बोटीच्या पलीकडून मामाचं डोकं वर आलं. दोर पंख्याला घासून तुटला होता, इतकंच. त्याच्या हातात तळाशी सापडलेली एक किटली होती आणि ती उंच धरून तो विचारत होता, “चहा कोण घेणार?”

सगळे हसले. मामी हसली नाही. घरी आली आणि तिनं तो शब्द घराबाहेर काढला.

आता एक शब्द काढून टाकायला काय लागतं, असं वाटेल. मलाही वाटलं होतं. पण हा शब्द कुठं कुठं जाऊन बसलाय ते मला त्या घरात कळलं. संध्याकाळी दिवस कलायचा, लवंडायचा, फार उशीर झाला तर निजायचा. समोरच्या टोपीवाल्याचा धंदा साऱ्या गल्लीत बुडाला, आमच्या घरी मात्र तो बसला. परीक्षेच्या दिवसांत मी अभ्यासात गढून जायची, त्याहून खोल जायची परवानगी नव्हती. भांड्यांना बूड नव्हतं, बैठक होती. चहात बिस्किट बुडवायचं नसे, बिस्किटाला चहा दाखवायचा. माझी मामेबहीण, आमची ताई, अधूनमधून शाळेला दांडी मारून बंदरावर भटकायची. शेजारीण दारात येऊन सांगायची, “तुमच्या पोरीनं आज शाळा बुडवली हो!” मामी तिला तिथंच अडवायची, “चुकवली म्हणा.” मग बुडवली की चुकवली यावर दोघींची अशी जुंपायची की ताईला ओरडायचं राहूनच जायचं. ‘सूर मारणे’ तेवढं चालायचं. त्यात गाणं आहे, असं मामीचं म्हणणं.

गंमत म्हणजे मामीचा स्वतःचा धंदाच बुडवण्याचा होता. तिचं कपडे रंगवून द्यायचं दुकान होतं. पुढं दुकान, मागं राहत्या खोल्या आणि मधल्या फरसबंदीवर शेगड्यांवर चढवलेले मोठाले हंडे. लोक विटलेले कोट, पडदे, चादरी घेऊन यायचे आणि नव्यासारखे करून न्यायचे. मामीचे हात कोपरापर्यंत रंगलेले असायचे. काल निळ्या हातांनी मिळालेला चहा आज तपकिरी हातांनी मिळायचा. कापड रंगात बुडवल्याशिवाय रंगत नाही, हे तिला कुणी सांगायला नको होतं. पण ती कापडाला रंग ‘पाजायची’. “तुमच्या कोटाला आज पाजते, उद्या न्या,” असं इतक्या सहज सांगायची की गिऱ्हाइकांना तो धंद्यातलाच शब्द वाटायचा. पुढं पुढं लोक दुसऱ्या रंगाऱ्याकडे जाऊनही “रंग पाजून द्या” म्हणायला लागले. तो बिचारा गांगरून जायचा.

मामाला हसू आलं की तो भिंतीकडे तोंड करायचा. पण नियम त्यानंही पाळला. रोज सकाळी तो “येतो गं” म्हणायचा, मामी “या” म्हणायची, आणि मग ती दिवसभर हंड्यातलं कापड काठीनं ढवळता ढवळता गल्लीच्या तोंडाकडे बघत राहायची.

मग ताईचं लग्न ठरायची वेळ आली. मुलगा तिनंच पसंत केला होता. रेडिओवर बातम्या वाचायचा. आवाज असा की नुसतं हवामान सांगितलं तरी ऐकत राहावं. तो घरी यायचा होता त्या दिवशी ताईनं त्याला गल्लीच्या कोपऱ्यावर गाठून नियम समजावला. तो आला, मामा-मामींसमोर बसला, आणि मामीनं विचारलं, “काम कसं चाललंय?”

“कामात सध्या अगदी…” तो म्हणाला आणि गप्प झाला. “…आहे. कामात आहे.”

“घरी कोण कोण?”

“आई, बाबा. काका होते जोडीला, त्यांचा छापखाना होता, पण तो…” कपाळावर घाम. “…आता नाही.”

मामी स्वयंपाकघरात आली आणि माझ्या कानाला लागली. “मुलगा सोन्यासारखा आहे गं, पण अडखळतो. रेडिओवाल्यांनी घेतला कसा?”

चहा आला. त्यानं जपून बिस्किट कपात धरलं. फार वेळ धरलं. बिस्किटाचा अर्धा भाग सुटला, डुगडुगला आणि खाली गेला. आणि साऱ्या गावाला बातम्या देणाऱ्या त्या आवाजात, खड्या आवाजात, तो ओरडला, “बुडालं!”

ताईनं डोळे मिटले. मामानं भिंतीकडे तोंड केलं, पण त्याचे खांदे हलायला लागले होते. होणारे जावई कपाकडे बघत म्हणाले, “म्हणजे… निजलं. बसलं. मला म्हणायचं होतं, गढून गेलं.”

पहिल्यांदा हसली ती मामी. पदर तोंडाला लावून, मग पदर सोडून, मग भिंतीला टेकून. “चमचा आण गं,” ती मला म्हणाली, “यांचं गढून गेलेलं बिस्किट वर काढायचंय.” लग्न त्या चहावरच ठरलं. पण नियम काही सुटला नाही. जावईबापूंना तेवढ्यापुरती माफी मिळाली, बस्स.

काही वर्षांनी, मी शिकून तिथून निघाल्यावर, मामाचे कान कुरकुरायला लागले. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, खोल पाणी आता बंद. छातीभर पाण्यात काय खेळायचं ते खेळा. मामी वरवर हळहळली, पण त्या रात्री, मला ताईनं सांगितलं, ती इतकी गाढ झोपली की सकाळी हंडे चढवायलाच उशीर झाला.

मामा मात्र घरात मावेना. ढवळायच्या काठ्या तासून ठेवायचा, तासलेल्या पुन्हा तासायचा. शेवटी मामीच म्हणाली, “अहो, माझ्या पायात पायात येऊ नका, काहीतरी बघा.” मग त्यानं नव्या तरणतलावावर मोठ्या माणसांना पोहायला शिकवायचं काम धरलं. ज्यांना लहानपणी जमलं नाही अशी माणसं, निवृत्त मास्तर, चष्मेवाल्या बायका, एक जाडजूड पाववाला. मामा त्यांच्यात खुलला. रोज घरी येऊन गोष्टी सांगायचा, आणि शेवटी रोज म्हणायचा, “तूही ये ना.”

“मी? या वयात?”

“पाववाला तुझ्याहून मोठा आहे.”

“मग शिकवा त्यालाच.”

तिला तयार केलं ते जावयानं. तोही पाण्याला भ्यायचा. “सासूबाई,” तो म्हणाला, “तुम्ही आलात तर मी येतो. दोघंही भित्रे आहोत, एकमेकांना हसणार नाही.” मामीला जावयाचा शब्द मोडवेना. पण बाजारातला पोहायचा पोशाख बघून ती म्हणाली, “हे तर मी हात पुसायलाही घेणार नाही.” शेजारच्या शिंपिणीकडून तिनं जाड सुती कापडाचा सैल सदरा आणि पायजमा शिवून घेतला, आणि रंगारणीनं पांढरं घालून जायचं म्हणजे काय, म्हणून स्वतः डाळिंबी रंगवला. पण त्या सकाळी तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. कापड हंड्यातून लवकर काढलं, घाईनं खळबळलं, दोरीवर टाकलं. जन्मात कुणाचा रुमालही असा कच्चा सोडला नव्हता तिनं.

मी त्या दिवशी मुद्दाम बघायला गेले होते. मामी शिडीचा कठडा घट्ट धरून एकेक पायरी उतरली. पाणी कमरेला आलं, पोटाला आलं. मामा समोर हात पसरून उभा. जावईबापू शेजारी, डोळे मिटून. आणि मामीच्या भोवती पाण्यात हळूच गुलाबी रंग उतरायला लागला.

पहिल्यांदा पाववाल्याला दिसलं. “अहो बाई,” तो घाबरून म्हणाला, “लागलं का काही?”

मामीनं खाली पाहिलं. पाणी गुलाबी, मग लाल. बायका किंचाळत काठाकडे सुटल्या. जीवरक्षकानं शिट्टी फुंकली. मामा पोटात गुद्दा बसल्यासारखा वाकून हसत होता. आणि मामी? तिला आपण पाण्यात उभ्या आहोत हेसुद्धा आठवेना. तिला दिसत होतं ते एवढंच, की आपल्या दुकानाचा रंग सुटतोय. चारचौघांत. “पक्का होता हो!” ती ओरडली, “पक्का असतो माझा रंग!” रंग कुठून सुटतोय, शिवणीतून की काठातून, हे बघायला तिनं कठडा सोडला, नाक चिमटीत धरलं आणि सरळ डोकं पाण्याखाली घातलं.

आम्ही बघतच राहिलो. मामाचं हसू थांबलं.

ती वर आली ती केस चेहऱ्यावर चिकटलेले, डोळे लालभडक. “पायजम्यातून सुटतोय,” तिनं जाहीर केलं. मग क्षणभर थांबली, आपण काय केलं ते तिला उमजलं. “अहो,” ती म्हणाली, “खाली किती छान आहे! आवाजच नाही. आणि माझा रंग कसा धुरासारखा जात होता! तुमचे पाय किती पांढरे दिसतात हो. अहो, मी… मी बुडले होते!”

इतक्या वर्षांनी तो शब्द तिच्या तोंडून आला आणि कुणाचं काही वाईट झालं नाही. व्यवस्थापक तेवढा धावत आला, पाणी बदलावं लागणार म्हणून कपाळावर हात मारून घेतला. मामीनं त्याला तलावाचे सगळे विटलेले पडदे फुकट रंगवून द्यायचं कबूल केलं. “आणि ते पक्के करीन,” ती म्हणाली, “वाटलं तर आत घेऊन पोहा.”

खरी मजा नंतर झाली. मामी पोहायला लवकर शिकली, पण तिला बुडता येईना. अंगानं भरलेली, त्यात श्वास कोंडून धरायची सवय. तळाला बसायचा धडा होता. बाकीचे धपाधप खाली जाऊन बसायचे, मामी मात्र बुचासारखी वर. पाववाल्यानं तिला खांदे धरून दाबून पाहिलं, तोही तिच्याबरोबर वर आला.

“सारा जन्म भ्यायले,” ती वैतागून म्हणाली, “आणि आता मेलं बुडायला येत नाही!”

“श्वास धरून ठेवलायस म्हणून,” मामा म्हणाला. “सोड तो. सगळा सोड. मग पाणी घेईल खाली.”

“आणि वर कोण आणेल?”

“मी कशाला आहे?”

तिनं त्याचा हात धरला. श्वास सोडला, बुडबुडे वर आले, आणि ती सावकाश खाली गेली. वरून आम्हाला दोघं दिसत होती, छातीभर पाण्याच्या तळाशी मांडी घालून, ओसरीवर बसल्यासारखी. वर आली तेव्हा तिला बोलायला दम पुरत नव्हता. “टेकलं!” ती धापा टाकत म्हणाली. “बूड टेकलं तळाला!” ‘बैठक’ म्हणायचं तिच्या डोक्यातही आलं नाही. पाववाल्यानं टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर मामीच्या बोलण्याला बांधच राहिला नाही. दिवस बुडायला लागला, कापड रंगात बुडायला लागलं, आणि तिला कुणी भेटायला आलं की ती अभिमानानं सांगायची, “थांबा हं, कामात पार बुडालेय.” जावईबापू आता तिच्याशी घडाघडा बोलतात. मामीचं म्हणणं, तलावाच्या पाण्यानं त्यांचं अडखळणं गेलं.

परवा मी गेले तर दुकानाला कुलूप. तलावावर गेले. मामी खोल बाजूच्या उंच फळीच्या टोकाला उभी होती, पक्क्या हिरव्या पोशाखात. खाली मामा, पाववाला आणि ती चष्मेवाली मंडळी वर बघत होती.

“सूर मारतेय!” ती वरून ओरडली.

“डोकं आधी जाऊ दे!” मामा ओरडला.

डोकं आधी गेलं नाही. पोट आधी गेलं. फाडकन असा आवाज झाला की जीवरक्षक खुर्चीतून उठला. काठावरच्या सगळ्यांचे कपडे भिजले. मामी वर आली, पोट चोळत, हसत, पाणी थुंकत, आणि मामानं पुढं केलेला हात बाजूला सारून पुन्हा शिडीकडे निघाली.