भिंतीवरचा समुद्र

वेंकोबाअण्णा ऑफिसात आले की आधी भिंतीवरच्या नकाशापुढे जायचे आणि चपला काढून उभे राहायचे. मी नवीन होतो. मला वाटलं, नकाशामागे एखादा देव टांगलेला असेल. सरकारी कचेऱ्यांत असतात असे. विचारलं तर म्हणाले, "पाण्यात कोण चपला घालून उतरतं रे?"

मी निपाणीकडचा. राज्यांची फेररचना झाली, म्हैसूर राज्याला कारवारचा किनारा मिळाला आणि मला बंगळूरची नोकरी. किनारा समुद्राजवळच ठेवणं भाग होतं. त्याच्यावर लक्ष ठेवणारं आमचं ऑफिस मात्र बंगळूरलाच राहिलं. तिथल्या एका खोलीत अण्णा शार्क सांभाळत. त्यांचं घराणं बंगळूरचं जुनं मराठी, घरातली भाषा अर्धी कानडी. समुद्र त्यांनी एकदाच पाहिला होता आणि तो त्यांना आवडला नव्हता. "स्वल्प जास्तच हलतो," म्हणत.

काम असं होतं. कारवारहून आमची लाँच जायची, वरवर संथ फिरणाऱ्या मोठ्या शार्कच्या पाठीवरच्या पराला आकडा घातलेला बिल्ला ठोकायची आणि जनावर सोडून द्यायची. पुढे तो पर कुठे पाण्यावर दिसला की मच्छीमार आकडा वाचत आणि कुणाकडून तरी कार्ड लिहवून आम्हाला पाठवत. कार्ड आलं की अण्णा नकाशावरची लाल टाचणी त्या जागी हलवत. जनावर मारलं गेलं तर बिल्लाच टपालानं येई. मग टाचणी निघे. टपाल मी फोडायचो. एकदा कार्ड नसताना "आता इथं असेल" म्हणून मी एक टाचणी बोटभर सरकवली. अण्णांनी ती जागेवर आणली. "दिसलं तिथं टाचणी. असेल तिथं नाही. असेल तिथं टाचण्या लावायला मंत्री आहेत."

मंत्री नकाशाच्या उद्घाटनाला आले होते. नकाशाला हार घातला गेला, त्यात मंगळूरपर्यंतचा किनारा झाकला गेला. मंत्र्यांनी विचारलं, "हे मासे परत येतील याची हमी काय?" अण्णा म्हणाले, "हमी नाही, सर. म्हणून तर बिल्ला." मंत्री समाधानानं हसले. त्यांना कळलं नसावं, पण प्रसंगच हसण्याचा होता.

लाँचवर जाऊन बिल्ले ठोकणारा मधू हा अण्णांचा धाकटा भाऊ. एका वर्षी पावसाळा संपता संपता लाँच गेली ती परत आली नाही. फळ्या मिळाल्या, खलाशांची प्रेतं मिळाली. मधू मिळाला नाही.

अण्णांच्या जयनगरच्या घरी नातेवाईक जमले. गुरुजींनी दर्भाचा पुतळा करून क्रिया उरकायचं सुचवलं. तेवढ्यात ऑफिसात एक कार्ड आलं: मालवणजवळ शार्क दिसला. आकडा मधूनं त्या शेवटच्या दिवशी नेलेल्या पुडक्यातला होता. म्हणजे बुडण्याआधी त्यानं काम केलं होतं. मग दुसरं कार्ड आलं, तिसरं आलं. अण्णांनी घरी सांगितलं तेव्हा मधूची बायको सुंदराक्का म्हणाल्या, "त्यांच्या हातचं अजून फिरतंय. मग मी कुंकू कसं पुसू?" गुरुजींनी दर्भ परत पिशवीत घातला. अण्णा घरातले वडील, त्यांनी एवढंच म्हटलं, "सरी, असू दे. फिरतंय तोवर."

तेव्हापासून दर शनिवारी अण्णांचा डबा घेऊन सुंदराक्का यायच्या. दाराशी चपला काढायच्या, नकाशापुढे उभ्या राहायच्या. मधूची जनावरं पावसाळ्यात वर जायची आणि पाऊस ओसरला की एकेक करून खाली उतरायची, कारवारसमोर, जिथं लाँच बुडाली नेमकी त्याच पाण्यात. मी एकदा म्हटलं, "अण्णा, अंगावर काटा येतो." ते म्हणाले, "तिथं तारली मासळी येते. तारलीमागं शार्क येतो. आठवण काढायला येत नाही." पण हे सांगताना त्यांनी आवाज खाली आणला होता, कुणी निजलेलं असावं तसा.

पुढे बिल्ले येऊ लागले. एकेक टाचणी निघाली. जगातलं हे एकच ऑफिस असेल, जिथला अधिकारी आपलं काम पूर्ण होऊ नये म्हणून देव पाण्यात घालून बसला होता. शेवटी मधूची एकच टाचणी राहिली.

तोही बिल्ला आला. कागदात गुंडाळलेला, खारट कुजका वास असलेला. मी आकडा वाचला आणि अण्णांच्या हातात दिला. बराच वेळ त्यांनी तो अंगठ्यानं पुसला. मग म्हणाले, "तुझ्या खणात ठेव. माझा खण शनिवारी ती आवरते."

टाचणी निघाली नाही. काही दिवसांनी पाहिलं तर ती रत्नागिरीच्या वर गेली होती. कार्ड आलं नव्हतं. आलं असतं तर मीच फोडलं असतं. अण्णा माझ्याकडे न बघता म्हणाले, "यंदा वारा लवकर फिरला." मेलेलं जनावर त्यानंतर कित्येक हंगाम आमच्या भिंतीवर पोहत राहिलं, वर गेलं, खाली आलं, आणि जिवंतपणी फिरत होतं त्याहून नेमानं फिरलं.

अण्णा छातीच्या दुखण्यानं गेले. तोवर ऑफिसला कोळंबीच्या निर्यातीचा ध्यास लागला होता. नव्या साहेबांनी नकाशा उतरवायला सांगितला. मी तो माझ्या टेबलामागच्या भिंतीला लावून घेतला.

चौदाव्या दिवशी सुंदराक्का आल्या. भर दुपार होती, ऑफिस जेवायला गेलं होतं. कपाळावर कुंकू नेहमीसारखं ठसठशीत. त्यांनी चपला काढल्या.

"भाऊजी गेल्यापासून हे हललं नाही."

"कार्ड नाही आलं, अक्का."

"कार्ड यायचं कधीच थांबलंय. बिल्ला तुमच्या खणात आहे नव्हे?"

माझा हात खणाकडे गेला. त्याच पुढे म्हणाल्या, "एकदा ऐन पावसात भाऊजींनी ते कारवारला आणलं. मी म्हटलं, भाऊजी, पावसात ते येत नाही. गुमान टाचणी काढली आणि वर नेली. तेव्हाच कळलं मला. त्यांनाही कळलं, की मला कळलं म्हणून."

"मग अक्का, हे कुंकू..."

"कुंकवाचं मी बघते. तुम्ही टाचणी बघा." त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "पाऊस ओसरला की. आणा आता खाली."

मी चपला काढल्या. टाचणी उपटली आणि कारवारसमोर नेली. एवढ्या वर्षांत तिथला कागद टोचून टोचून जाळीसारखा झाला होता. मी टोक नुसतं टेकवलं. दाबावं लागलंच नाही. टाचणी आपणहून आत गेली, जणू पलीकडून कुणी ओढून घेतली.

मागून आवाज आला, इतका हळू की तो माझ्यासाठी नाही हे कळावं.

"आलात?"