साडूचं खालून बघणं

१९८६ साली मी साठीचा होतो, आणि माझं ठाम मत होतं की सबंध माळव्यात माझ्या साडूइतकी विद्या कुणी जमिनीला पाठ टेकून मिळवलेली नाही. तो देवासच्या एका कारखान्यात होता. कुणाच्या दारात नवी गाडी दिसली की हा आधी गाडीखाली शिरायचा, मग नमस्कार. एका साखरपुड्यात व्याह्यांना याचे फक्त पाय दिसले. त्यांनी ड्रायव्हर समजून पानं आणायला धाडलं. हा गेला, पानं आणून दिली आणि पुन्हा खाली शिरला. बाहेर आला की निकाल ठरलेला: "वरचं अंग निराळं, दादा. पिंड एकच आहे." नवी छोटी मोटार आणि त्याच कंपनीची सरकत्या दाराची व्हॅन, दोघींचं इंजिन एक, पुर्जे एक, एकाच कणकेच्या पोळ्याही केल्या आणि पुऱ्याही, असं तो जेवताना मला समजवायचा. मी चौथी शिकलेला, बैलगाडीची चाकं करणारा. माझं एक चाक दुसऱ्या गाडीला लागत नसे, आणि मला त्याचा अभिमान होता.

ही विद्या त्याला सगळीकडे लागू पडली, फक्त सख्ख्या मोठ्या भावाला नाही. तो भाऊ धारला, माझ्या घरासमोर राहायचा. घराच्या वाटणीवरून दोघांचं बोलणं कित्येक वर्षं बंद. साडूनं छोटी मोटार घेतली, म्हणून भावानं व्हॅन घेतली. हा तिला पावाचं खोकं म्हणे, तो हिला साबणाची डबी. आणि हे निरोप पोचवायचे मी, बिनपगारी.

भावाच्या मुलीचं लग्न देवासला, मुलाकडे ठरलं. साडूला आमंत्रण नाही. तरी हा आदल्या दिवशी धारला हजर, "सहज, तुम्हाला भेटायला". सोबत इस्त्रीचा कोट. सकाळी व्हॅन सुरूच होईना. मिस्त्री म्हणाला, ठिणगी वाटणारी डेल्कोची टोपी तडकलीय, इंदूरहून आणावी लागेल, आणि आज रविवार, दुकानं बंद. मुहूर्त दुपारचा. साडूनं माझ्यामार्फत आपली मोटार देऊ केली. भाऊ म्हणाला, "माझी मुलगी डबीत बसून सासरी जाणार नाही." मुलगी नटूनथटून ओट्यावर उभी, डोळे भरलेले.

साडूनं बॉनेट उघडलं. आपल्या मोटारीची टोपी काढली, कोटाच्या अस्तराला पुसली, रस्ता ओलांडला, व्हॅनची पुढची सीट उचलून खालच्या इंजिनाला बसवली. इंजिन घुमलं. तो परत फिरला, तर आता त्याचीच मोटार मुकी. भावानं सरकतं दार उघडलं आणि दुसरीकडे बघत म्हणाला, "बस, भिया. पाय आत घे, दार लागत नाही."

टोपी एकच, त्यामुळे लग्न आटोपून साडूला धारलाच परतावं लागलं, आणि इंदूरला जायची घाई दोघांनीही केली नाही. साडू वारून आता बरीच वर्षं झाली, म्हणून सांगतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ते दोघे समोरच्या ओट्यावर चहा पीत कशावरून तरी भांडत होते. मी पोतं अंथरलं, आधी डबीखाली शिरलो, मग खोक्याखाली. मला तर दोन्ही अगदी वेगळ्या दिसल्या. बाहेर आलो, पाठ झटकली आणि त्यांच्यापाशी जाऊन म्हणालो, "पिंड एकच आहे."