रतन पेंटरची भिंत

रतन पेंटर गेल्याचं मला गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. 'थोर कलावंतास भावपूर्ण आदरांजली', खाली फुलं, आणि पाठवणारे आमच्या विहार समितीचे अध्यक्ष. तळपायाची आग मस्तकात गेली. याच माणसानं उन्हाळ्यात रतनच्या आयुष्यातल्या एकमेव मोठ्या कामावर टाइल्स बसवल्या होत्या. महिना उलटला, तरी तो मेसेज मी पुसलेला नाही. राग थंड पडू नये म्हणून ठेवलाय.

रतन माझा शाळेपासूनचा सोबती. ताडकळसच्या बाजारातल्या निम्म्या पाट्या त्याच्या हातच्या. एका धम्म परिषदेत लाओसहून आलेल्या भंतेजींना त्याचा हात आवडला, आणि नांदेडच्या पुढं कधी न गेलेला हा गडी चार महिने तिकडच्या विहारात राबून आला. कागदात नक्षी कोरून लाल भिंतीवर सोनेरी उमटवायची त्यांची रीत शिकला. पण बोलायचा ते तिथल्या सकाळबद्दल. बाया रस्त्याच्या कडेला गुडघे टेकून बसतात, भिक्खूंची रांग येते, प्रत्येकाच्या पात्रात चिमूटभर चिकट भात पडतो... कुणी काही बोलत नाही. "आपल्या आयांवानीच हात हायेत रे त्यांचे," म्हणायचा.

परतल्यावर त्यानं विहाराची आतली भिंत मागून घेतली आणि एकट्यानं रंगवली. सोनेरी वेल, आणि खाली भात घेऊन बसलेल्या सात बाया, तिकडच्या काठाच्या कपड्यांत.

मग कुणी मोठे पाहुणे येणार म्हणून बैठक झाली. अध्यक्ष म्हणाले, "ह्या चिनी बाया कशाला आपल्या विहारात? टाइल्स टाकू, पुसायला बऱ्या." आमच्यातल्या एकालाही ना चीन ठाऊक, ना लाओस. ठरावावर सगळ्यांच्या सह्या झाल्या. माझीही झाली. वाद नको म्हणून केली, एवढंच कारण, आणि ते लिहिताना लाज वाटते.

टाइल धरावी म्हणून मिस्त्रीनं आधी छिन्नीनं भिंत टोकरली. रतन आला तेव्हा निम्मं काम उरकलं होतं. अध्यक्षांना म्हणाला, "चिनी न्हाईत दादा त्या. पहिली माझी आई हाय, दुसरी तुमची." मग माझ्याकडं बघून, "तिसरी तुझी."

आमच्या आया, रोजंदारीला जायच्या त्या वयातल्या. डोक्यावर पदर नव्हता, तेवढ्यानं आम्ही त्यांना ओळखलं नाही. माझ्याकडं आईचा एकही फोटो नाही.

त्या संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. माफी मागायला. वहिनींनी चहा ठेवला. रतननं पांढरा सुती दोरा काढला आणि माझ्या मनगटाला बांधला. लाओसात म्हणे माणूस दुखावला, घाबरला की त्याचा जीव अंगातून भटकायला निघतो. त्याला परत बोलावून असं बांधून ठेवतात. आत्मा वगैरे आम्ही मानत नाही, रतनही मानत नव्हता. तरी बांधला. मी म्हणालो, दुखावलास तू आणि दोरा मला?

"माझा हाय जाग्यावर," तो म्हणाला. "तुझाच लय लांब गेलाय."

त्यानंतर त्यानं ब्रश उचलला नाही.

परवा समितीनं नवा ठराव आणला, त्याच टाइल्सवर रतनचा फोटो लावायचा. पेन माझ्या हातात दिलं. दोरा काळा पडलाय, पण गाठ घट्ट आहे, उजव्या मनगटावर. मी पेन खाली ठेवलं आणि म्हणालो, आधी टाइल्स काढा. खाली आता काहीच उरलेलं नाही, हे मला माहीत आहे. तरी काढा.