पिकअपचा खालचा पत्रा

उद्यामिस्त्री हे नाव काही त्यांच्या आईबापांनी ठेवलेलं नव्हतं, ते गिऱ्हाइकांनी ठेवलं. पत्र्याचं कसलंही काम घेऊन जा, मिस्त्री हातातला हातोडा खाली न ठेवता म्हणायचे, "उद्या या." तो उद्या चार दिवसांनी उगवायचा. पण काम असं चोख, की कुरकुरत गेलेला माणूस पुढचं कामही निमूट तिथंच आणायचा. पोरगा गेल्यापासून मात्र हे नाव कुणी तोंडातून काढत नाही.

त्याचं असं झालं. पोरगा स्वतःच्या पिकअपमधून खाणीवरचा माल वाहायचा. तिथला रस्ता कसला, नुसते दगडगोटे. इंजिनाच्या खाली ऑइलचा चेंबर लोंबत असतो, त्याला दगड लागू नये म्हणून खालून जाड पत्रा बसवतात. जगाच्या गाड्यांना मिस्त्रींनी असे पत्रे बसवले. पोरगा सहा महिने मागं लागला होता आणि हे आपले, "घरचीच गाडी आहे रे, उद्या बघू." एका दुपारी चढावर दगड लागून चेंबर फुटला. पोरगा बघायला गाडीखाली शिरला आणि हँडब्रेक सुटला. संपलं सगळं. दोन वर्षं झाली त्याला. तेव्हापासून मिस्त्रींनी कुणालाही उद्या म्हटलेलं नाही. आता त्याचा काय उपयोग, हे त्यांना दुसऱ्या कुणी सांगायला नको.

परवा सकाळी सून तीच पिकअप घेऊन वर्कशॉपच्या दारात उभी राहिली. गाडी आता तीच चालवते. बाई धीराची, हातपाय गाळून बसली नाही.

"बाबा, खालचा पत्रा करून द्या. रविवारी निघतोय आम्ही."

निघतोय म्हणजे भावाकडे, डोंगरापलीकडे, पोरीला घेऊन, कायमचं. तिकडं काम आहे, पोरीला शाळा आहे. मिस्त्रींना हे महिनाभर माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि वार ऐकणं वेगळं. नातीवर त्यांचा जीव होता, आणि पोराचं म्हणून मागं उरलेलं एवढंच होतं.

"तिकडचा रस्ता कसा आहे?"

"दगडांचाच."

"मग आजच करतो. संध्याकाळी ये."

फरशी सपाट होती, तरी मिस्त्रींनी चारही चाकांना लाकडी ओंडके लावले आणि एकेक हलवून पाहिला. पोत्यावर उताणे होऊन गाडीखाली सरकले, पुठ्ठा चासीला दाबून धरला आणि बोल्टच्या जागा त्यावर उमटवून घेतल्या. त्या मापानं चार एमएमचा पत्रा कापला. पुढची कड वर वाकवली, म्हणजे दगड अडकत नाही, घसरून जातो. जेवणाचा डबा तसाच राहिला.

एक गोष्ट मात्र त्यांनी केली नाही. चेंबरमधलं ऑइल सोडायच्या नटाखाली पत्र्याला भोक ठेवतात, म्हणजे ऑइल बदलताना पत्रा उतरवावा लागत नाही. बिनभोकाचा पत्रा करणाऱ्यांना मिस्त्री जन्मभर शिव्या घालत आले. आणि त्या दिवशी त्यांनी खडूनं तो गोल काढला, जरा वेळ बघत बसले, आणि अंगठ्यानं पुसून टाकला. लबाडीच ती, दुसरं काय म्हणणार? भोक नसलं की दर ऑइलला पत्रा काढायला-घालायला सून इकडं येईल. वर्षातून दोनदा तरी. शेजारच्या सीटवर नात असेल. म्हाताऱ्याला एवढंच हवं होतं.

संध्याकाळी सून आली ती पोतं ओढून सरळ गाडीखाली शिरली. नवरा ऑइल बदलायचा तेव्हा हाताखाली हीच असायची. मिस्त्री झटकन उठले. पुढं होऊन त्यांनी एका ओंडक्यावर पाय रोवला.

"बाबा, भोक राहिलं."

"विसरलो."

"तुम्ही?"

ती बाहेर आली. केसांत धूळ, हातात बॅटरी. मग हळूच म्हणाली, "भेटायला मी तशीही येईन हो. पण मधेच कधी तिकडं ऑइल बदलायची वेळ आली तर? तिथला मेकॅनिक सहा बोल्ट खोलून पत्रा काढेल, आणि परत चढवायचा कंटाळा आला की म्हणेल, उद्या लावू."

तिनं ते टोचायला म्हटलं नव्हतं. तिच्या लक्षातही आलं नसेल. मिस्त्रींनी मान खाली घातली आणि पाना उचलला.

"आत्ताच नको, बाबा. दमलात. सकाळी केलंत तरी चालेल."

"नाही," मिस्त्री म्हणाले. "आत्ता."

त्यांनी पत्रा उतरवला, पुन्हा गोल काढला, भोक पाडलं. कड हाताला लागू नये म्हणून कानस फिरवत बसले, गरजेपेक्षा जरा जास्तच. डोळे गळत होते, ते त्यांनी पुसलेही नाहीत. पत्रा परत चढवून सहाही बोल्ट आवळले.

"ऑइल बदलायला इकडंच आणीन मी," सून म्हणाली.

"कशाला? आता कुणीही बदलेल," असं म्हणून मिस्त्री खाली वाकले आणि चाकांचे ओंडके एकेक करून काढायला लागले.