मोजून मापून केलेले पोहे

मी केलेले पोहे लाल झाले, यात पोह्यांचा काहीएक दोष नव्हता.

मी जालन्यात एका शाळेवर विज्ञान शिकवतो. प्रयोगशाळेत पाऊल टाकलं की मुलांना आधी माझे नियम ऐकावे लागतात: चिठ्ठी लावल्याशिवाय भांड्यात काही ठेवायचं नाही, मोजल्याशिवाय काही ओतायचं नाही आणि कशाची चव तर मुळीच घ्यायची नाही! मुलं ते नियम माझ्याच आवाजात म्हणून दाखवतात. (माझ्या पाठीमागे. पण हुबेहूब!)

त्या रविवारी गावातल्याच मस्तगड भागात आमच्या घरी माझ्या धाकट्या बहिणीला, दीपालीला, बघायला पाहुणे येणार होते. मुलगा किशोर, त्याची आई आणि हसनाबादचे मामा. स्थळ चांगलं होतं. मुख्य म्हणजे दीपालीला मुलाचा फोटो पसंत पडला होता, आणि तिला काही पसंत पडणं ही आमच्या घरात ग्रहणाइतकी दुर्मीळ घटना! आईनं सकाळपासून देवाला आणि मला एकाच सुरात बजावलं होतं, "आज कायी घोळ करू नको रे बाबा!"

(देवानं ऐकलं.)

माझी बायको संगीता दीपालीच्या निऱ्या बसवण्यात गुंतली होती. मी मोठ्या मनानं म्हणालो, "पोहे मी करतो."

"तुम्ही?"

"त्यात काय? स्वयंपाक म्हणजे शेवटी रसायनशास्त्रच!"

"म्हणूनच भेव वाटून राह्यलं," ती म्हणाली.

मी पोहे काट्यावर तोलले. भिजवायला शाळेसाठी घेतलेलं कोरं मोजपात्र काढलं. ओट्यावरच्या तांब्यातलं पाणी त्यात ओतलं, गुडघ्यात वाकून डोळा बरोबर रेषेसमोर आणला आणि मगच ते पोह्यांवर शिंपडलं. थेंबाचा फरक नाही! पाणी अगदी अचूक मोजलं होतं.

फक्त ते पाणी नव्हतं.

सोमवारी नववीला हळदीचा प्रयोग दाखवायचा म्हणून मीच त्या तांब्यात भरपूर खायचा सोडा विरघळवून ठेवला होता. आणि चिठ्ठी? छे! घरातल्या घरात कशाला चिठ्ठी!

फोडणी झाली, हळद पडली, पोहे पडले. झाकण ठेवून मी वाफ आणली आणि झाकण उचललं, तर आत ओल्या विटांचा चुरा!

तेवढ्यात संगीता डोकावली. "अगं बाई! इतकं तिखट कशाला टाकलं?"

"टाकलंच नाही. हिरव्या मिरच्याच आहेत."

"चव पाहिली का?"

"प्रयोगातला पदार्थ चाखायचा नसतो!"

तिनं कपाळाला हात लावला. बाहेर पाहुणे बसलेले, घरात दुसरे पोहे नाहीत. मी मूठमूठ कोथिंबीर आणि खोबरं पसरून सगळा पुरावा झाकला आणि बश्या बाहेर पाठवल्या.

मामांनी पहिला घास घेतला. चावायचे थांबले. कसाबसा गिळला.

"सर, आमच्या हसनाबादला पोहे पिवळे असतेत," ते म्हणाले. "आन् त्यात साबण बिलकुल टाकत न्हाईत."

आईनं पदर तोंडाला लावला. किशोरनं बिचाऱ्यानं प्रसंग सांभाळायला बशीतली लिंबाची फोड घेतली आणि पोह्यांवर पिळली. फस्स! बुडबुडे आले आणि लिंबाखालचे पोहे डोळ्यांदेखत पिवळे झाले!

"आरं, हे बोलून राह्यले!" मामा खुर्ची मागं सरकवत ओरडले.

"काय घातलंत यात?" किशोरच्या आईनं विचारलं.

इथं शहाण्या माणसानं माफी मागितली असती. मला मात्र एकदम तांब्या आठवला, आणि लाज वाटण्याऐवजी (काय सांगू!) आनंदच झाला! नववीपुढं दरवर्षी फसणारा प्रयोग आज इतका झकास झाला होता!

"घाबरू नका, खायचा सोडा आहे!" मी उभा राहिलो. "हळद हा दर्शक. सोड्यात लाल, लिंबात पिवळा! मामा, तुम्हीपण पिळून बघा. निरीक्षण स्वतः करायचं असतं!"

"दादा, बस खाली!" दीपाली दातओठ खात म्हणाली.

पण मामांचं कुतूहल जागं झालं होतं. त्यांनी घाबरत घाबरत लिंबू पिळलं. फस्स! "आयला, बराबर हाय की!" मग किशोरच्या आईनं पिळलं. मी आणखी लिंबं चिरून आणली. मुलगी बघायला आलेले पाहुणे पोहे बघत बसले! संगीता भिंतीकडं तोंड करून उभी होती. तिचे खांदे हलत होते. रडतेय की हसतेय, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

शेवटी दीपालीला हसू आवरेना. तिचं बघून किशोरही हसायला लागला. ती म्हणाली, "हे रोजचंच आहे आमच्याकडं. चालेल का?"

तो म्हणाला, "तुम्ही येताना दादांना आणणार नसाल, तर चालेल."

लग्न तिथंच ठरलं. किशोरच्या आईनं आईचे हात हातात घेतले. "आमाला देणंघेणं कायी नको. एकच अट हाय, सर सैपाकघरात जायचे न्हाईत."

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "मंजूर!"

लग्नात सगळ्यांना कामं वाटली गेली. मला अक्षता वाटायचं काम मिळालं. त्याही दुसऱ्यांनी रंगवून, वाळवून, पुड्या बांधून झाल्यावर. तरीसुद्धा मामा मांडवभर माझ्या मागं मागं फिरत होते.